हात दाखवून अवलक्षण

मराठी माणसाला हात दाखवण्याच्या पूर्वी दोनच जागा होत्या: एक ज्योतिषी, दुसरा वैद्य. एक रेषा बघे, दुसरा नाडी. दोघांकडे जायला घराबाहेर पडावं लागे, जिने चढावे लागत, बाकावर ताटकळावं लागे, आणि एवढं करून पुढे केलेला हात दोन-पाच मिनिटांत परत मिळे. उरलेला दिवस तो हात इतर कामांना मोकळा असे. आता मनगटावरच्या घड्याळाच्या पोटात हिरवे दिवे लुकलुकतात, कातडीखालच्या रक्ताचे चढउतार टिपतात, आणि माणूस दिवसातून पन्नास वेळा स्वतःच स्वतःला हात दाखवतो. पहाटे शिवाजी पार्कला किंवा तळजाईच्या टेकडीवर फेऱ्या मारणाऱ्या ज्येष्ठांचं बोलणं कानावर घ्या. ज्या वयात पेन्शन, सुनेचा स्वभाव आणि भारतीय फलंदाजीचा ऱ्हास हे विषय चालत, त्या वयात आता विश्रांतीचे ठोके, गाढ झोपेची मिनिटं आणि प्राणवायूचे टक्के चालतात. ‘काय, कसे आहात?’ या प्रश्नाला ‘बरा आहे’ असं तडक उत्तर देणारा माणूस दुर्मीळ झाला. आजचा माणूस बाही वर करतो आणि म्हणतो, ‘थांबा, बघून सांगतो.’

डिजिटल तंत्रज्ञानानं आरोग्यसेवेत क्रांती केली, असं रोज वाचायला मिळतं. केलीच आहे. फक्त तिचा क्रम जरा चमत्कारिक आहे: आजारी माणसं बरी व्हायच्या आधी बरी माणसं आजारी झाली. हा यंत्राचा दोष नाही, हे आधीच सांगून टाकावं, नाहीतर हा लेख कोणीतरी ‘विज्ञानाला विरोध’ या सदरात ढकलून देईल. दोष जोडणीचा आहे. वैद्यकातल्या कुठल्याही उपयोगी यंत्राला दोन टोकं असतात. एका टोकाला ज्याला काही होतंय तो, दुसऱ्या टोकाला ज्याला काही कळतं तो. ही दोन्ही टोकं जागेवर असली की साधी कागदाची नळीसुद्धा काम करते, आणि एक टोक सुटलं की लाखाचं यंत्रही कपाळावर आठ्या पाडण्यापलीकडे फारसं काही करत नाही.

कागदाची नळी हे उगाच म्हटलेलं नाही. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लानेक या डॉक्टरसमोर हृदयाचा त्रास असलेली एक तरुण बाई आली. त्या काळी डॉक्टर छातीला थेट कान लावत. इथे ते प्रशस्त दिसेना. लानेकनं कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं आपल्या कानाला लावलं, तर ठोके आधीपेक्षा स्वच्छ ऐकू आले. स्टेथोस्कोप जन्मला तो असा, संकोचातून. पुढे नेदरलंड्समध्ये लायडनच्या विलेम आइंटहोव्हेननं हृदयाची वीज मोजणारं यंत्र केलं. त्याचं वजन पावणेतीनशे किलोंच्या आसपास, चालवायला पाच माणसं, आणि रोग्यानं दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचं. हे धूड इस्पितळात नेणं अशक्य, म्हणून १९०५ साली त्यानं सुमारे दीड किलोमीटरवरच्या इस्पितळातून टेलिफोनच्या तारेनं रोग्याचे ठोके प्रयोगशाळेत आणले. आज ज्याचं आपण टेलिमेडिसिन म्हणून नव्यानं कौतुक करतो ते सव्वाशे वर्षांच्या घरात आलेलं आहे. तारेच्या एका टोकाला पाण्यात पाय सोडून बसलेला रोगी आणि दुसऱ्या टोकाला आइंटहोव्हेन. त्याला १९२४ साली नोबेल मिळालं. रोग्याला काय मिळालं याची नोंद नाही, पण निदान आपल्या ठोक्यांचा अर्थ लावण्याची जबाबदारी कोणी त्याच्या गळ्यात घातली नाही.

तेच यंत्र आता बटणाएवढं होऊन मनगटावर बसलं आहे. तारेची दोन्ही टोकं एकाच माणसाच्या हातात आली, आणि रोगी, परिचारिका, तज्ज्ञ व चिंताग्रस्त नातेवाईक या चारही भूमिका त्यालाच एकट्याला कराव्या लागतात. मोजण्याचा नाद जुना आहे, हे मान्य. इटलीतल्या सांतोरिओ नावाच्या वैद्यानं खुर्चीच तराजूला टांगली होती. तो तिच्यात बसून जेवे, आणि खाल्लेलं, प्यायलेलं व बाहेर टाकलेलं सगळं तोलून लिहून ठेवी. असं त्यानं सुमारे तीस वर्षं केलं. १६१४ साली त्यावर ग्रंथ काढला, आणि अंगातून नकळत बरंच काही उडून जातं हे जगाला सांगितलं. पण सांतोरिओ वैद्य होता, आणि तो एकटाच होता. आता सोसायटीच्या प्रत्येक मजल्यावर एक सांतोरिओ आहे. त्यांतला एकही ग्रंथ काढत नाही, पण प्रत्येकजण आलेख मात्र पाठवतो, तोही सकाळी साडेपाचला, सोसायटीच्या ग्रुपवर, फुलांच्या चित्राखाली.

या सगळ्या सांतोरिओंचा कुलदैवताइतका मान असलेला आकडा म्हणजे दहा हजार पावलं. दहा हजार झाली नाहीत म्हणून रात्री साडेदहाला पार्किंगमध्ये गाड्यांभोवती प्रदक्षिणा घालणारे गृहस्थ गावोगाव आढळतात. हा आकडा कुठल्या थोर संशोधनातून आला असेल, असं वाटणं साहजिक आहे. तो आला १९६५ साली, जपानमध्ये, पावलं मोजण्याचं यंत्र विकणाऱ्या एका कंपनीकडून. टोकियोचं ऑलिंपिक नुकतंच झालं होतं, व्यायामाची हवा होती, आणि यंत्राचं नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाचं ठेवलं होतं. आकडा गोल होता, तोंडात बसणारा होता, खपणारा होता. पुढे २०१९ साली अमेरिकेत आय-मिन ली यांच्या गटानं सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ बायकांची पावलं खरोखर मोजली. दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्या बायका २,७०० चालणाऱ्यांपेक्षा पुढच्या काही वर्षांत लक्षणीय कमी दगावल्या, आणि ७,५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबला. म्हणजे पार्किंगमधल्या गृहस्थांच्या शेवटच्या अडीच हजार पावलांचा लाभ, या हिशेबानं, मुख्यतः पार्किंगमधल्या कुत्र्यांना झाला. त्यांना सोबत मिळाली. चालणं वाईट आहे असं यातून निघत नाही. निघतं ते एवढंच, की जाहिरातीतला आकडा साठ वर्षं मनगटावर राहिला तर तो शास्त्रवचन होतो.

झोपेचं प्रकरण याहून बहारदार. पूर्वी झोप लागली की नाही हे सकाळी उठल्यावर ज्याचं त्याला कळत असे; फार तर बायको घोरण्याबद्दल साक्ष देई. आता घड्याळ गुण देतं. शंभरापैकी ६१ पडले की छान झोपून ताजातवाना उठलेला माणूस आकडा वाचून जांभई देतो. २०१७ साली अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञांनी या नव्या तक्रारीला ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावच दिलं. त्यांच्याकडे आलेले काहीजण गुण वाढावेत म्हणून जास्त वेळ अंथरुणात पडून राहत, आणि त्यामुळे झोप आणखी बिघडे. कहर म्हणजे, प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून रीतसर तपासणी झाली, गाढ झोप लागली होती असा निर्वाळा मिळाला, तरी मंडळींचा विश्वास घड्याळावरच. देवळातल्या कौलावर इतकी श्रद्धा असती तर आपण तिला अंधश्रद्धा म्हटलं असतं.

इथे आक्षेप येणार, आणि तो वजनदार आहे: अहो, घड्याळानं लोकांचे जीव वाचवलेत! वाचवलेत. हृदयाची लय बिघडली की पुढे मेंदूत गुठळी जाऊन पक्षाघाताचा धोका असतो, आणि ती बिघडलेली लय घड्याळाला टिपता येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ॲपल कंपनीच्या घड्याळावर स्टॅनफर्ड विद्यापीठानं मोठा अभ्यास केला, तो २०१९ साली छापून आला. त्यात ४,१९,२९७ लोक होते. लय बिघडल्याची सूचना आली ती २,१६१ जणांना, म्हणजे हजारी पाच. त्यांच्यापैकी ज्यांनी नंतर छातीला पट्टी लावून ती तपासायला परत पाठवली, त्यांच्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांत दोष त्या वेळी पट्टीवरही दिसला. हा दोष येतो-जातो, तेव्हा बाकीच्यांच्या सूचना खोट्याच होत्या असं म्हणता येत नाही. घड्याळ खोटं बोलत होतं असा आरोप इथे नाहीच. पाहण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. या सव्वाचार लाखांत निम्म्याहून अधिक चाळिशीच्या आतले होते आणि पासष्टीपुढचे जेमतेम शेकडा सहा. दोष कोणात सापडतो? म्हाताऱ्यांत. घड्याळ कोणाच्या हातात? जो जिममध्ये आरशासमोर उभा राहून स्वतःचा फोटो काढतो त्याच्या. महागडी यंत्रं आधी तिथे जातात जिथे पैसा आहे, आणि पैसा सहसा तिथे असतो जिथे तूर्तास तब्येत बरी आहे. मंडईत दिवसभर हातगाडी ढकलणाऱ्याच्या मनगटाला कोणी हे घड्याळ बांधलंच, तरी गंमत अशी की दांड्यावर हात स्थिर असल्यामुळे त्याची बरीचशी पावलं मोजलीच जाणार नाहीत. आणि दुपारी आरामखुर्चीत बसून तावातावानं हातवारे करत राजकारणावर बोलणाऱ्याच्या खात्यात मात्र फुकटची काही जमा होतील.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा: माहिती अज्ञानापेक्षा बरी. तत्त्व म्हणून सुंदर आहे. पण माहिती ज्या क्रमानं समोर येते तो क्रमही औषधाच्या मात्रेइतकाच महत्त्वाचा. मायक्रोसॉफ्टच्या दोन संशोधकांनी २००८ साली लोक इंटरनेटवर दुखणी कशी शोधतात ते तपासलं. साध्या लक्षणापासून सुरुवात करून माणूस बघता बघता भयंकर रोगापर्यंत कसा पोहोचतो, हे त्यांनी दाखवलं. डोकेदुखीमागे मेंदूत गाठ असणं फार विरळा. पण शोधात हाती लागणाऱ्या पानांवर ती तशी विरळा नसते. सकाळचा चहा हुकल्यानं चढलेलं डोकं घेऊन माणूस बसतो, आणि उठतो तेव्हा मृत्युपत्राचा मसुदा तयार असतो. आता तर शोधावंही लागत नाही. बोलणारं यंत्र आहे. ते रात्री अडीचला जागं असतं, फी घेत नाही, ‘काही झालेलं नाही, घरी जा’ असं फटकारत नाही. यंत्राशी मन मोकळं करण्याची हौसही नवी नाही. १९६६ साली जोसेफ वायझनबॉम यांनी समोरच्याचंच वाक्य प्रश्न करून परत देणारा एक साधासा संगणकी डॉक्टर बनवला, तर त्यांच्या सेक्रेटरीबाई त्याच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगू लागल्या. आजचं यंत्र त्याच्या हजारपट हुशार आहे, पुष्कळदा बरोबरही असतं. अडचण अशी की त्याला विचारणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, आणि विचारणारा नेमकं तेवढंच सांगतो जेवढं त्याला सांगावंसं वाटतं. फॅमिली डॉक्टर दारातून आत येणाऱ्याची चाल बघतात, सोबत आलेल्या बायकोकडे बघतात, आणि ‘तंबाखू सोडली?’ या प्रश्नाचं उत्तर नवऱ्याऐवजी तिच्या भुवईवरून घेतात.

अर्थात डॉक्टरचं टोकही जागेवर आहे असं समजू नये. २०१६ साली अमेरिकेत डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून त्यांच्या वेळाचा हिशेब केला गेला: रोग्यासमोरच्या दर तासामागे जवळजवळ दोन तास संगणकाच्या नोंदी आणि टेबलावरची कामं. रोगी खुर्चीत, डॉक्टर पडद्यात. आपल्याकडेही मोठ्या इस्पितळांत हे दृश्य रुळलं आहे. ‘कुठे दुखतंय?’ हा प्रश्न कीबोर्डला विचारला जातो, आणि उत्तर रोगी देतो ते डॉक्टरांच्या कानशिलाला. आता संभाषण ऐकून आपोआप टिपणं काढणारी यंत्रं आली आहेत. ती नीट चालली तर डॉक्टरांची मान वर होईल, म्हणजे तंत्रज्ञानानं घालवलेली नजर तंत्रज्ञानच परत आणील. मिळाली तर घ्यावी, कोणी आणली ते विचारू नये. आपल्या सरकारनंही २०२१ पासून देशभर १४ आकडी आरोग्य खातं सुरू केलं आहे, ज्यात सगळे रिपोर्ट एका जागी राहावेत अशी योजना आहे. घराघरांत गादीखाली साठवलेली, साडीच्या दुकानाच्या पिशवीतली, २०११ चा एक्स-रे आणि २०२३ ची साखर अशी सरमिसळ झालेली ती फाईल ज्यांनी पाहिली आहे, ते या योजनेला हसणार नाहीत. फक्त पिशवी घेऊन गेल्यावर डॉक्टर ती निदान उपडी तरी करत. खातं उघडून वाचायला डॉक्टरला किती मिनिटं मिळणार, यावरच त्या १४ आकड्यांचं नशीब ठरेल.

दोन्ही टोकं जोडलेली असली की काय होतं, हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे, आणि त्यात विनोद करावा असं काही नाही. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी बोटाला लावून प्राणवायू मोजायचा चिमटा आला. ९४ च्या खाली आकडा गेला तर थांबायचं नाही, आणि आकडा ठीक असला तरी सहा मिनिटं चालून पुन्हा मोजायचं, हे आरोग्य खात्यानं गावोगाव सांगितलं होतं. मुंबईत महापालिकेच्या चोवीसही विभागांत वॉर रूम होत्या, आणि खाट मिळायची ती तिथून. आकडा, आकड्याचा अर्थ आणि फोन उचलणारा माणूस, तिन्ही होते, म्हणून त्या चिमट्यानं जीव वाचवले. कातडी सावळी असली तर तो प्राणवायू जरा वाढवून सांगतो हेही अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं, तरीही वाचवले. आज तोच चिमटा टेबलाच्या खणात सेल फुगून पडला आहे. केंद्र सरकारची ई-संजीवनी हेही असंच उदाहरण. २०१९ च्या अखेरीस ती सुरू झाली आणि २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत दहा कोटी सल्ले तिच्यावरून दिले गेले. खेड्यातल्या आरोग्य केंद्रात रोग्याशेजारी समुदाय आरोग्य अधिकारी बसलेला असतो. तो ताप बघतो, रक्तदाब घेतो आणि पडद्यावरच्या डॉक्टरला सांगतो. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर शेळ्यांजवळ निदान एक जाणता गुराखी हवा, ही अट तिथे पाळली आहे. क्षयाचंही तसंच. जगातले सुमारे पाव क्षयरोगी भारतात आहेत, आणि छातीचा एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ तालुक्याला मिळत नाही. तेव्हा संगणकानं फोटो चाळून संशयित निवडावेत याला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली मान्यता दिली. पण संगणकानं बोट दाखवल्यावर थुंकी तपासणारा आणि सहा महिने गोळ्या चुकू न देणारा माणूस लागतोच. तो नसला तर काय होतं, ते थायलंडमध्ये दिसलं. गुगलनं मधुमेह्यांच्या डोळ्यांचे फोटो वाचणारी फार हुशार प्रणाली तिथल्या दवाखान्यांत नेली. प्रयोगशाळेत ती तज्ज्ञांच्या तोडीची होती. दवाखान्यातल्या उजेडात काढलेल्या फोटोंपैकी पाचातला एक तिनं नापास केला, आणि त्या रोग्यांना दुसऱ्या इस्पितळात पुन्हा यायला सांगावं लागलं. पडदे नीट लावलेली अंधारी खोली आणि हाताशी थोडा वेळ असलेली परिचारिका, एवढंच कमी होतं.

‘तुम्हाला जुना जमाना परत हवाय,’ असा शेवटचा आक्षेप आहे. मुळीच नको. जुन्या जमान्यात कंपाउंडर कागदाची पट्टी चिकटवलेल्या बाटलीतून जे गुलाबी मिश्रण देई, त्यात बहुधा रंग आणि धीर यांखेरीज फारसं काही नसे. डॉक्टरांचं अक्षर तर असं, की २०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेला औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहा, असा नियम करावा लागला. छापील चिठ्ठीनं त्या एका बाबतीत तरी देशावर उपकार केले आहेत. यंत्र पाहिजेच. ते घेताना किमतीच्या जोडीला आणखी एक चौकशी करावी: यानं आकडा दाखवला की फोन कोणाला करायचा? दुकानदाराकडे उत्तर नसलं, तर ते खेळणं आहे. खेळणं म्हणून जरूर घ्यावं, पण मग झोपताना काढून ठेवावं.

ही विनंती विशेषतः त्या मुलामुलींना, जी न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये बसून दिवाळीला कोथरूड-डोंबिवलीच्या आईबाबांना घड्याळ धाडतात आणि मग तिकडून त्यांचे ठोके बघतात. घड्याळ पाठवा. त्याबरोबर घराजवळच्या एका डॉक्टरांशी बोलून ठेवा, त्यांची वर्षभराची फी भरून टाका, आणि रात्री अपरात्री दार वाजवता येईल अशा एका शेजाऱ्याचा नंबर आपल्याजवळ घ्या. आणि रविवारी फोन कराल तेव्हा ‘बाबा, काल फक्त तीन हजार पावलं?’ असं विचारू नका. बाबांनी घड्याळ चार्जिंगला लावलं होतं.